गोकुळची मूठ

सुभद्राजिजींची मूठ फार लहान होती. आमच्या भाऊबंदकीत तो दर श्रावणातला थट्टेचा विषय होता. कानबाई, म्हणजे आमची घरची देवी, बसवायच्या आदल्या दिवशी आमच्यात रोटाचे गहू मोजतात. घरात जितके पुरुष, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. तेच गहू दळायचे, त्याच्याच पोळ्या करायच्या आणि त्या भाऊबंदांनीच खायच्या. बाहेरच्याला त्यातला घाससुद्धा देत नाहीत. आमच्या चार घरांची मिळून एक कानबाई. ती बसायची जिजींच्या घरात, म्हणून मोजायचा मानही जिजींचा. त्यांच्या मुठीने पोळ्या हटकून कमी पडायच्या. मग पंगतीत कोणीतरी म्हणायचंच, "जिजीना हातना रोट म्हंजे उपासच समजा."

जिजी तोंडाला पदर लावून हसायच्या. "मूठ मन्ही नही, तिन्ही शे," कानबाईकडे बघत म्हणायच्या. "तिले जितलं देवानं व्हतं तितलंच तिनी दिधं."

यंदा ते मोजणं माझ्याकडे आलं. परातीसमोर बसले, पहिली मूठ उचलली आणि माझा हात मला फारच मोठा वाटला. तेव्हापासून जिजी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बोलणं मला जन्मात जमलं नाही. चार माणसांत मी तोंड उघडत नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

जिजी म्हणजे माझ्या चुलत जेठाणी, थोरल्या जाऊ. धानोऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि मागचं अंगण एकच. अंगाने काटकुळ्या, रंगाने सावळ्या. रस्त्याने चालायच्या त्या अगदी कडेने, जसा काही मधला रस्ता दुसऱ्या कोणाच्या मालकीचा आहे. बोलणं इतकं हळू की भाजीवाली तीनतीनदा विचारायची, "काय म्हनतस, मावशी?" त्यांचे मालक, नाना, याच्या अगदी उलटे. नाना घरात बोलले की शेवटच्या गल्लीत समजायचं आज नानांचं कशावरून बिनसलं.

मी नवी नवरी होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, जिजींच्या घरात आणखी एक बाई राहते. सकाळी चुलीजवळ त्यांचं कोणाशी तरी बोलणं चाललेलं असायचं. "माय, दूध फाटी गयं आज." "माय, ढोरले चारा संपना." थांबून थांबून, जशी समोरची हुंकार देते आहे. मग एकदा डोकावून बघितलं तर घरात कोणी नाही. भिंतीतल्या कोनाड्यात कानबाईचा नारळ, आणि जिजी भाकरी थापत त्याच्याशी बोलताहेत. मागणं काही नव्हतं. नुसतं सांगणं. सकाळपासून काय काय झालं ते, शेजारणीला सांगावं तसं.

आणि कशाचंही शेवटचं वाक्य एकच, देवीचं देवीला माहीत, "तिन्हं तिले ठाऊक." म्हैस आटली, तिन्हं तिले ठाऊक. कपाशीला बोंडं धरली नाहीत, तिन्हं तिले ठाऊक. एकदा आम्ही नंदुरबारला जायला निघालो आणि फाट्यावर दोन तास गाडीच आली नाही. जिजींनी तेच म्हटल्यावर नाना भडकले, "एस.टी.ना डेपो बी तुन्ही कानबाईच चालाडस का?" जिजी म्हणाल्या, "ती चालाडती तं येळवर उनी नसती का?" फाट्यावरची सगळी माणसं हसली. नानाही हसले.

त्यांचा गोकुळ लग्नानंतर अकरा वर्षांनी झाला. त्या अकरा वर्षांत जिजींनी दर श्रावणात दुसऱ्यांच्या पोरांच्या मुठी मोजल्या. माझी सासू सांगायची, गोकुळ झाला त्या वर्षी त्याची मूठ जिजींनी इतकी सावकाश भरली की अण्णा, म्हणजे भाऊबंदांत सगळ्यात थोरले, ओट्यावरून म्हणाले, "सुभद्रा, गहू मोज. दाना दाना नको मोजू."

गोकुळ मोठा झाला, उंचापुरा झाला. नवापूरच्या पोल्ट्रीवर अंड्यांची गाडी चालवायला लागला. सुरतेकडे, नंदुरबारकडे जायचा, यायचा. येताना तडकलेल्या अंड्यांचा एक ट्रे आमच्या घरासाठी आणायचा. जिजी अंडं घरात घेत नसत, पण आमच्यासाठी अंगणातल्या तीन दगडांवर उकडून द्यायच्या आणि मग अंघोळ करून घरात जायच्या. त्याचं लग्न विसरवाडीजवळच्या मनीषाशी झालं. मनीषा मोठ्याने हसायची. सासऱ्यासमोर, अण्णांसमोर, कोणासमोरही. माझ्या सासूला ते आवडायचं नाही. जिजी म्हणायच्या, "हासू द्या. मन्हा घरमा नानाना आवाजले कोनी तं जोडीदार पाहिजे व्हता."

लग्नाला दीड वर्ष झालं असेल. वैशाखातल्या एका बुधवारी गोकुळ नवापूरहून गाडी घेऊन निघाला. ती गाडी संध्याकाळी विसरवाडीला रस्त्याच्या कडेला सापडली. नीट, एका बाजूला लावलेली. किल्ली गाडीला, मोबाईल सीटवर. मागे सगळी अंडी जशीच्या तशी, एक फुटलेलं नाही. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, चहा घेतला आणि स्टँडकडे चालत गेला. त्यापुढचं कोणालाच माहीत नाही. भांडण नव्हतं, व्यसन नव्हतं, कोणाचं देणं नव्हतं. पोलिसांत नोंद झाली. नाना सुरतेला गेले, वापीला गेले, जिथून जो निरोप आला तिथे गेले. गोकुळ मिळाला नाही. मेल्याचंही कळलं नाही, असल्याचंही कळलं नाही.

कुठे कोणी अनोळखी माणूस सापडला की फोटो यायचा. नानांचा मोबाईल बटणांचा, म्हणून फोटो आमच्या ह्यांच्या मोबाईलवर यायचे. हे मला म्हणायचे, तू दाखव, मला नाही जमत. मी मागच्या दाराने जायची. जिजी हात धुवायच्या, पुसायच्या, मोबाईल दोन्ही हातांत धरायच्या आणि बघत राहायच्या. कुठल्या दवाखान्यातला, रेल्वेच्या कडेचा, डोळे मिटलेला कोणाचा तरी मुलगा. मी फोटोकडे बघत नसे, जिजींकडे बघत असे. "नही, मन्हा नही शे," त्या म्हणायच्या. पण मोबाईल लगेच परत द्यायच्या नाहीत. "यानी माय बी कोठे तरी वाट देखी ऱ्हायनी व्हई." एकदा असाच फोटो बघून झाल्यावर त्या कोनाड्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माय, या पोऱ्यानी मायले खबर लागू दे." जिजींना देवीजवळ काही मागताना मी ऐकलं ते तेवढंच.

नाना मात्र देवीला शिव्या देऊ लागले. शेतातून आले की पायातल्या चपलेसकट कोनाड्यासमोर उभे राहायचे. "अकरा साल वाट देखाडी आन मंग दिधा. आन आते लई लिधा. काय बिघाडं व्हतं आम्ही तुन्हं?" आम्ही भिंतीच्या अलीकडे कान झाकायचो. माझी सासू एकदा जिजींना म्हणाली, "अवं, त्यासले आडाव. देवीले असं बोलतस का कोनी?" जिजी म्हणाल्या, "बोलू द्या. तिनाशिवाय त्यासनं ऐकाले कोन शे?" आणि नाना बोलून दमले की त्या त्यांना पाण्याचा तांब्या द्यायच्या.

मलासुद्धा राग यायचा. मला वाटायचं, सगळ्या गावात ज्या बाईने कोणाचं कधी काही बिघडवलं नाही तिच्याच घरात हे का. एकदा दुपारी आम्ही दोघी अंगणात मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. हात भगभगत होते. मी विचारलं, "जिजी, तुम्हले राग नही येस का?"

"कोनना?"

मला नाव घ्यायचं धाडस झालं नाही.

"येस नं," जिजी म्हणाल्या. "येस कसा नही? पन राग करा तं बोलनं बंद व्हई जाई वं. मंग गोकुळनं मी कोनले सांगू? यासले सांगं तं या वरडतस. मनीषाले सांगं तं ती रडस. ती एकलीच ऐकी लेस." आणि पुढची मिरची उचलली.

त्या वर्षीचा श्रावण आला. गहू मोजायला आम्ही सगळ्या बाया परातीभोवती बसलो. पुरुष बाहेर ओट्यावर. नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची, अशी रीत. आधी अण्णा, मग त्यांची मुलं, मग आमचं घर. नानांचं नाव जिजी घेत नसत, "आम्हना घरना" म्हणायच्या. ती मूठ पडली. आता पुढची गोकुळची. परातीभोवती कोणी हलेना. गेलेल्या माणसाची मूठ पडली तर सगळा रोट बाटतो, असं आमच्यात मानतात. आणि गोकुळ गेला की आहे, हे कोणाला माहीत होतं? जिजींनी रोजच्यासारख्याच आवाजात "गोकुळ" म्हटलं, मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.

नंतर अंगणात अण्णांच्या मालकीण, आमच्या मोठ्या बाई, जिजींना म्हणाल्या, "सुभद्रा, जो शे का नही ते माहीत नही, त्यान्हा रोट करतस का?"

"तो नही शे असं बी तं माहीत नही, बाई," जिजी म्हणाल्या.

मग दुसऱ्या वर्षीही गोकुळची मूठ पडली. तिसऱ्या वर्षीही पडली. लोक जिजींच्या भरवशाचं कौतुक करायला लागले. दुसऱ्या गावाच्या बाया त्यांना बघायला यायच्या. जिजींना ते आवडायचं नाही, त्या आत जाऊन बसायच्या. मनीषा चहा करून आणायची. तिचं हसणं कधी बंद झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की कितीतरी दिवसांत भिंतीपलीकडून ते ऐकू आलेलं नाही.

तिसऱ्या रोटानंतर माघात तिचे वडील आले. खाटेवर बसले, चहा घेतला आणि टोपी काढून हातात धरली. "नाना, पोर सव्वीसनी शे," ते म्हणाले. "नवापूरना एक मानूस शे. त्यानी बायको वारी गयी. चांगला मानूस शे. तुम्ही म्हनशात तं..."

नाना उभेच राहिले. "मन्हा पोऱ्यानी मूठ पडस या घरमा. जवलोंग मूठ पडस तवलोंग ती मन्ही सून शे. जा तुम्ही."

अण्णांनाही बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं. मूठ पडते म्हणजे नवरा आहे, आणि नवरा आहे तर दुसरं स्थळ कसं बघायचं? आमच्या भाऊबंदकीत त्यापुढे कोणाचा कागद चालत नाही. मनीषाच्या वडिलांनी टोपी घातली आणि निघाले. दाराआड मनीषा उभी होती. ती त्यांना पोचवायलासुद्धा बाहेर आली नाही.

दिवेलागणीला मी अंगणात कपडे काढत होते. पलीकडे मनीषाचा आवाज आला. इतक्या वर्षांत ती सासूला उलट बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"आई, तुम्हना भरोसा तुम्हनाजोडे ऱ्हाऊ द्या. तो मन्हा गळामा कसाले बांधतस?"

मग पुन्हा तीच.

"तुम्ही म्हनतस, तिन्हं तिले ठाऊक. तिले ठाऊक शे नं? मंग मूठ तुम्ही कसाले मोजतस?"

कपडे घेऊन मी तशीच उभी राहिले. जिजींनी काही उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आणि मला सगळ्यात भीती वाटली ती याची, की पुढे कितीतरी सकाळी चुलीजवळचं त्यांचं ते सांगणंही ऐकू आलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तेवढाच.

आषाढ संपता संपता आम्ही दोघी रोटाचे गहू निवडायला बसलो. जिजी खडे काढत होत्या. मधेच थांबल्या.

"पोर खोटं बोलनी नही, लता."

मी वर बघितलं.

"मी म्हनस मन्हा तिनावर भरोसा शे. पन दर सालले तिनापुढे ती मूठ टाकस, म्हंजे मी तिले काय सांगस? याले आन. यालेच आन. आन्याशिवाय मी उठाव नही. हाऊ भरोसा शे का वं? का तिना पदर धरी बठेल शे मी?"

मी सूप घेऊन गहू पाखडायला लागले. त्या दिवशी मला नीट समजलं असतं तर पुढचं माझ्या हातून झालं नसतं.

चौथा श्रावण. परातीभोवती आम्ही सगळ्या तशाच बसलो होतो. मनीषा मागे, खांबाला टेकून. जिजींनी अण्णांची मूठ टाकली, त्यांच्या मुलांची टाकली, आमच्या घराच्या टाकल्या. मग "आम्हना घरना" म्हणाल्या आणि नानांची टाकली. हात पुन्हा गव्हात गेला. वर आला. आणि त्यांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

मला वाटलं, विसरल्या. इतक्या माणसांत त्यांचं चित्त राहिलं नाही असं वाटलं. कोणीच कसं बोलत नाही, असंही वाटलं. मी चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही, ते नेमकं तेव्हा उघडलं. मी म्हटलं, आणि ते ओट्यावरही ऐकू गेलं, "जिजी, गोकुळनी मूठ ऱ्हायनी."

जिजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मूल पडल्यावर आई बघते तसं बघितलं.

"ऱ्हायनी नही वं," त्या म्हणाल्या. "तिनाजोडे ठी दिधी."

तेव्हा मला समजलं, ती मूठ त्यांनी जाणूनबुजून देवीजवळ ठेवून दिली होती. मोठ्या बाईंना समजलं असणार, परातीभोवतीच्या प्रत्येकीला समजलं असणार, आणि म्हणूनच सगळ्या गप्प होत्या. जिजींना ते गुपचूप पुढे न्यायचं होतं. नानांना त्या नंतर एकट्यात सांगणार होत्या. मी ते सगळ्यांसमोर त्यांच्याकडून बोलून घेतलं.

आता मागे जाता येत नव्हतं. जिजींनी पदर पुढे ओढला, ओट्याकडे तोंड केलं. अण्णांसमोर त्या कधी बोलत नसत. "अण्णा," त्या म्हणाल्या, "मनीषाना बापले निरोप द्या. त्यासनं स्थळ त्यासनी देखावं. आम्हनी ना नही."

ओट्यावर नाना उठले. दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या आवाजाची सगळ्यांना सवय होती, पण त्या दिवशी तो आवाज निघालाच नाही. हळूच म्हणाले, "तू मन्हा पोऱ्याले मारी टाकं."

"मी त्याले सोपी दिधा," जिजी म्हणाल्या. "आते तिनाकडे काय मांगाव नही मी. ती देई तं देई."

नाना चपला न घालताच शेताकडे निघून गेले. मनीषा खांबाजवळ खाली बसली होती, तोंड गुडघ्यात. जिजी वळल्या आणि उरलेल्या घराच्या मुठी मोजल्या. एकही चुकली नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीत पोळ्या कमी पडल्या. त्या वर्षी कोणी थट्टा केली नाही.

मी तीन दिवस जिजींच्या दारात गेले नाही. चौथ्या दिवशी त्याच आल्या, वाटीभर खीर घेऊन. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "तू बोलनी ते बरंच व्हयनं. मन्हा तोंडमाईन ते निंघतं नव्हतं." ते खरं होतं, की माझं मन राखायला म्हणाल्या, मला आजही माहीत नाही.

नाना दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. ताट समोर आलं की जेवायचे, तांब्या आला की प्यायचे. जिजींच्या चुलीजवळचं सांगणं मात्र पुन्हा सुरू झालं होतं. "माय, आज बी या बोलनात नही." इतकंच. त्यात कागाळी नव्हती.

फाल्गुनात मनीषाचं लग्न झालं. घरच्या घरी, दहा माणसांत. ती आमच्या अंगणातून गाडीत बसली. वाकून जिजींच्या पाया पडली आणि उठेना. जिजींनी तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं. "पह्यले हासे तशी हासत जाय," म्हणाल्या. गाडी गेल्यावर त्या घरात आल्या, मनीषाची खोली झाडली, आणि झाडू हातात घेऊन उंबऱ्यावर कितीतरी वेळ बसल्या. मी लांबूनच बघितलं. त्या दिवशी माझे पाय तिकडे वळले नाहीत.

पुढच्या श्रावणात मनीषा आली. नेमके रोटाचे दिवस होते. घरात रोटाच्याच पोळ्या, आणि ती आता दुसऱ्या घराची. तिला त्यातलं काही चालणार नव्हतं. जिजींनी अंगणात वेगळी चूल मांडली, बाजरीची भाकरी टाकली, ठेचा वाटला, आणि स्वतःही तिच्याबरोबर तेच खाल्लं. मनीषाला दिवस गेले होते. नाना ओट्यावर तोंड फिरवून बसले होते. ती जायला निघाली तेव्हा तिच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तठे पानी बरं शे का?"

"बरं शे, नाना," ती म्हणाली.

"उकाळी पेत जाय," नाना म्हणाले. आत जिजी भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबलेला मी बघितला.

गोकुळची काही खबर आली नाही. अजूनही आलेली नाही. ज्या बाया जिजींचा भरवसा बघायला यायच्या त्या यायच्या बंद झाल्या. कोणी म्हणायचं, शेवटी आईनेही आशा सोडली. जिजी ते ऐकून घ्यायच्या. पुढच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. दोन हंडे पाणी आणलं की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. नंदुरबारच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कष्टाचं काही करू नका म्हणून सांगितलं. जिजींनी मान हलवली आणि घरी येऊन शेण काढायला घेतलं.

पौषात माझ्या माहेरी वडिलांचं दुखणं निघालं, म्हणून मी आठ दिवसांसाठी निघाले. नको नको म्हणत असताना जिजी माझी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आल्या, नेहमीसारख्या रस्त्याच्या कडेने, मधे दोनदा थांबत. माझी नंदुरबारची गाडी लागलेली होती. त्यांनी मला खिडकीजवळ जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली, "बापले इचारेल शे म्हन," म्हणाल्या आणि खाली उतरल्या. मला वाटलं, निघाल्या घरी.

तेवढ्यात विसरवाडीकडून गाडी आली आणि समोर उभी राहिली. माणसं उतरायला लागली. जिजी दरवाजाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. कोणाच्या वाटेत येणार नाहीत अशा. एकेक जण उतरत होता आणि त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. घाई नव्हती. पाठीला बॅग लावलेली कॉलेजची मुलं उतरली, बाजाराच्या गोण्या घेऊन दोघं उतरले, कामावरून आलेले चारपाच उतरले. स्टँडवरच्या पानवाल्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यावरून मला समजलं की हे आजचं नाही.

मी खिडकीतून हाक मारणार होते. मारली नाही. त्यांच्याजवळ जे बोलू नये ते मी एकदा बोलून चुकले होते.

सगळ्यात शेवटी काठी टेकत एक म्हातारा दरवाजात आला. त्याला पायरी उतरता येईना. जिजींनी त्याच्याही तोंडाकडे बघितलं. मग त्याच्या हातातली पिशवी घेतली, दंडाला धरून त्याला खाली उतरवलं, पिशवी परत दिली. माझी गाडी सुरू झाली तेव्हा जिजी पायरीजवळ टाचा उंच करून आत बघत होत्या, कोणी उतरायचं राहिलं आहे का म्हणून.

मी माहेरी असतानाच चौथ्या दिवशी त्या गेल्या.